सेवेचा संसार आणि त्याचे वाङ्मय

मराठी वाङ्मयात एक दालन असे आहे की, त्यातील ग्रंथांचा गौरव पुष्कळ होतो आणि परीक्षण मात्र जवळजवळ होतच नाही. सेवाव्रती कुटुंबांच्या आत्मकथनांचे हे दालन होय. शाळा-कॉलेजांच्या बक्षीससमारंभांत ही पुस्तके वाटली जातात, व्याख्यानाच्या अखेरीस त्यांतील एखादा प्रसंग सांगून श्रोत्यांचे डोळे ओले केले जातात, आणि मग ती कपाटात जातात. त्यांची भाषा कशी आहे, त्यांत काय सांगितले आहे व काय गाळले आहे, कोण बोलतो आहे व कोण गप्प बसला आहे, असे प्रश्न काढणे म्हणजे देवळात जाऊन मूर्तीच्या दगडाची प्रत विचारण्याइतके उद्धट मानले जाते. मला हा संकोच अस्थानी वाटतो. ज्यांनी आयुष्य पणास लावले त्यांच्या कार्यापुढे मान लवविणे ही एक गोष्ट. त्यांनी लिहिलेला ग्रंथ ग्रंथ म्हणून वाचणे ही दुसरी. न वाचता केलेला नमस्कार कोणत्याही लेखकाला फारसा सुखावीत असेल असे वाटत नाही.

या दालनातील दोन ग्रंथ प्रस्तुत लेखाचे मुख्य विषय आहेत. साधनाताई आमटे यांची 'समिधा' आणि डॉ. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा'. दोन्ही जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजचे चंद्रपूर व त्यातून १९८२ साली वेगळा झालेला गडचिरोली, या वनप्रदेशाच्या मातीतून उगवलेले आहेत. एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्या एकामागून एक रानात जाऊन राहिल्या, आणि दोन्ही वेळी त्या राहण्याची हकीकत लिहिली गेली. असा योग आपल्याकडे विरळा. पहिल्या हकीकतीत सांगणारी पत्नी आहे, दुसरीत पती. या एका फरकाने किती फरक पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

परंतु त्याआधी थोडे दूरवर जावे लागेल. कुटुंबासह रानात जाऊन परक्या लोकांची सेवा करावयाची आणि तिचा वृत्तांत लिहावयाचा, हा प्रकार मुळात आपल्याकडचा नव्हे. संन्यासी रानात जातो तो संसार टाकून. आपला वानप्रस्थही जातो तो मुले मोठी झाल्यावर. चूल, पाळणा आणि औषधाची पेटी एकाच गाडीत घालून अरण्यात जाणारा गृहस्थ आपल्याला प्रथम ख्रिस्ती मिशनऱ्यांनी दाखविला. दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान येथे रॉबर्ट मॉफट व त्याची पत्नी मेरी यांनी तेथल्या झऱ्याचे पाणी पाटाने आणून बाग केली, मुले वाढविली, आणि मॉफटने बायबल त्स्वाना भाषेत नेले. त्यांचीच मुलगी, तीही मेरी, डेव्हिड लिव्हिंग्स्टनला दिली. लिव्हिंग्स्टनचा प्रसिद्ध प्रवासग्रंथ १८५७ साली निघाला आणि इंग्लंडात हातोहात खपला. त्यात नद्या आहेत, सिंह आहे, गुलामांचा व्यापार आहे, वनस्पती आहेत. जिने १८५० व १८५१ अशा दोन वर्षी गरोदरपणी मुलांना घेऊन त्याच्याबरोबर कलहारीचे वाळवंट ओलांडले, जिचे पहिल्या खेपेनंतर झालेले मूल काही आठवड्यांत गेले, आणि दुसऱ्या खेपेस जी नदीकाठी बाळंत झाली, त्या पत्नीला मात्र त्या मोठ्या ग्रंथात फारच थोडी जागा मिळाली आहे. जावयाला खरमरीत पत्र लिहून जाब विचारला तो सासूने. पुढे १८६२ साली झांबेझीच्या काठी ती तापाने वारली. सेवेचा संसार दोघांनी केला. पण त्याचे वाङ्मय एकट्याचे झाले. या प्रकारच्या ग्रंथांचा हा जन्मदोष आहे, आणि तो मिशनऱ्यांपुरता नाही.

आपल्या भाषेचे भाग्य असे की, तिच्यात हा दोष आरंभीच एका बाईने पुसून टाकला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ती घटना टिळकांनी सांगितली असती तर एका आत्म्याचा प्रवास झाली असती. लक्ष्मीबाईंनी ती सांगितली म्हणून ती एका घरावर कोसळलेली वीज झाली. आणि एवढे होऊनही ग्रंथ रडका नाही. नवऱ्याच्या विक्षिप्त औदार्यावर हसावयाचे, स्वतःच्या सोवळ्यावर त्याहून अधिक हसावयाचे, आणि हसता हसता ते सोवळे आतून कसे विरत गेले हे दाखवून द्यावयाचे, ही त्यांची हातोटी. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, या प्रश्नावर त्या घरातील सारे धर्मशास्त्र येऊन ठेपते. सेवेचे तत्त्वज्ञान स्वयंपाकघरातूनच खरे कळते, हा धडा मराठी गद्याला तेथे मिळाला होता. तो आपल्या सेवावाङ्मयाने किती घेतला, हा माझा प्रश्न आहे.

आता 'समिधा'. साधनाताई पूर्वाश्रमीच्या इंदू घुले. नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या कर्मठ व विद्वान घराण्यातल्या. १९४६ साली त्यांचे लग्न मुरलीधर देवीदास आमटे यांच्याशी झाले. हिंगणघाटच्या सधन जमीनदार घरचा हा वकील तोवर वकिली व चैन दोन्ही सोडण्याच्या वाटेवर होता. त्या लग्नाच्या मागची गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. थोरल्या बहिणीच्या लग्नघरात एक म्हातारी मोलकरीण कपडे धूत होती. इंदू गुपचूप तिच्या मदतीला गेली, आणि पाहुणा आलेल्या त्या तरुणाने ते पाहिले. या गोष्टीचा चमत्कार प्रेमात नाही. वर वधूला कामात पाहून निवडतो आणि ते काम पुढे जन्मभर तिच्या वाट्याला येते, यात तो आहे.

लग्नानंतर वरोऱ्याला श्रमाश्रम निघाला. जातीपातीचे, धर्माचे भेद न मानता कष्टकऱ्यांनी एकत्र राहावयाचे, एकत्र कमवावयाचे. घुलेशास्त्र्यांच्या मुलीने भंगीकाम करणाऱ्यांच्या पंक्तीला बसावयाचे, एवढेच नव्हे तर त्यांच्यासह एका चुलीवर रांधावयाचे. येथे लक्ष्मीबाईंची आठवण पानोपानी होते. फरक असा की, लक्ष्मीबाईंना वर्षानुवर्षे भांडावयाची मुभा मिळाली. साधनाताईंनी लग्नाच्या बोहल्यावरून उतरताच स्वीकार केला. स्वीकार ही गोष्ट चरित्राला भूषण असेल, वाङ्मयाला ती अडचणीची असते. भांडणाला प्रवेश असतात, अंक असतात. स्वीकाराला एकच वाक्य पुरते. साधनाताईंच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी ही अडचण तपशिलाने जिंकली. मनात काय आले हे त्या थोडक्यात आटोपतात. घरात काय होते आणि काय नव्हते हे मात्र नीट सांगतात.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे असे आपण समजतो. पावसात गटाराशेजारी पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी, त्याला पाहून प्रथम भयाने पळालेले बाबा, त्या भयाची लाज, मग कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयातील शिक्षण. याच शिक्षणाच्या काळात बाबांनी स्वतःच्या शरीरात कुष्ठाचे जंतू टोचून घेण्याची तयारी दाखविली. चरित्रकार ही घटना धैर्याची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण घरी दोन लहान मुलगे होते. विकास १९४७ सालचा, प्रकाश १९४८ च्या डिसेंबरातला. या वाक्याला दुसरे अर्धे वाक्य जोडल्याशिवाय घटना पुरी होत नाही, आणि ते अर्धे वाक्य चरित्रकारांच्या लेखणीतून सहसा उतरत नाही. 'समिधे'चे महत्त्व येथे आहे. बाबांच्या प्रत्येक निर्णयाला एक मागची बाजू होती, आणि त्या बाजूला कोणीतरी उभे होते, याचे भान हा ग्रंथ वाचकास क्षणभर सोडू देत नाही.

१९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी माळावर आनंदवन वसले. सहा रोगी, एक लंगडी गाय, चौदा रुपये. हे आकडे आता मंत्रासारखे झाले आहेत. आणि मंत्राचे जे होते तेच त्यांचे झाले आहे, ते म्हटले जातात पण ऐकले जात नाहीत. चौदा रुपये म्हणजे किती दिवसांचे पीठ? लंगड्या गाईचे दूध किती, आणि ते रोग्यांना द्यावयाचे की पोरांना? भिंत नसलेल्या खोपटात रात्री पोरांना कोणत्या बाजूला निजवावयाचे, सापाची बाजू कोणती आणि विंचवाची कोणती? असे प्रश्न ज्या गद्याला पडतात ते मला अधिक भरवशाचे वाटते. बाबांचे 'ज्वाला आणि फुले' हे मुक्तकाव्य मी येथे मुद्दाम शेजारी ठेवतो. त्यातील ओज निर्विवाद आहे, एका काळच्या तरुणांना त्याने झपाटले होते. परंतु त्या ज्वाळेला सरपण कोणी घातले हे त्यातून समजत नाही. ते समजते ते साधनाताईंच्या साध्या, कोठे कोठे ओबडधोबड, गद्यातून.

ग्रंथाच्या नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. समिधा म्हणजे यज्ञात जळावयाची काडी. पत्नीने स्वतःस हे नाव द्यावे यात नम्रता असेल. परंतु ग्रंथातील बाई काडी नाही. ती निर्णय घेते, माणसे पारखते, चिडते, घर चालविते, आणि शेकडो रोग्यांच्या वस्तीची आई होते. आत एक स्त्री उभी आहे आणि मुखपृष्ठावर तिने स्वतःच तिचे नाव खोडून ठेवले आहे. असे का करावे लागले, याचे उत्तर साधनाताईंपेक्षा आपणा वाचकांनीच द्यावयास हवे. कारण या नावाचे कौतुक आपण केले. लक्ष्मीबाईंनी आपल्या ग्रंथास 'स्मृतिचित्रे' म्हटले, आणि चित्रे काढणारा हात आपला आहे हे त्या कधी विसरल्या नाहीत.

दुसऱ्या पिढीची हकीकत अधिक दूरच्या रानातली आहे. आलापल्ली मागे टाकून भामरागडकडे गेले की पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या नद्यांचा प्रदेश लागतो; पलीकडे बस्तर. माडिया गोंडांची ही भूमी. तेथे हेमलकसा या गावी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि नागपुरात शस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण घेत असलेले प्रकाश आमटे ते शिक्षण सोडून, भूलशास्त्र शिकलेल्या पत्नी मंदाताईंसह तेथे राहावयास गेले. वीज नाही, रस्ता नाही. पावसाळा लागला की नद्या-नाल्यांनी महिनोन् महिने जगाशी संबंध तुटावयाचा. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही की, ज्यांच्यासाठी गेले ते लोक परक्यास पाहून पळत.

'प्रकाशवाटा' २००९ साली प्रसिद्ध झाल्या. ग्रंथ सांगितलेला आणि दुसऱ्या हाताने शब्दबद्ध झालेला आहे, हे त्याच्या गुणांचे व दोषांचेही मूळ आहे. गुण हा की, त्यात वक्तृत्व नाही. पित्याच्या भाषेतील ज्वाळा मुलाने जाणूनबुजून विझवून टाकली असावी असे वाटण्याइतकी ही शैली थंड आहे. दवाखाना झाडाखाली होता, होता. अर्धी चड्डी व बनियन हा वेष धरला, कारण भोवतीच्या लोकांच्या अंगावर तेवढेही नव्हते, धरला. गर्भात अडकून दगावलेले मूल तुकड्या-तुकड्यांनी काढून आईला वाचविण्याचा तो भयंकर प्रसंग, ज्याचे शिक्षण कोणी दिले नव्हते, तोही तितक्याच सपाट स्वरात येतो. पुष्कळ वाचकांना हे कोरडे वाटेल. मला ते योग्य वाटते. ज्याच्या हाताला रक्त लागले आहे त्याने उपमा देऊ नयेत. याच कथानकावर २०१४ साली निघालेला बोलपट पाहिला म्हणजे या कोरडेपणाची किंमत कळते. तेथे संगीत सुरू होते आणि आपल्याला केव्हा गहिवरावयाचे हे शिकविले जाते.

ग्रंथातील उत्तम भाग मला दोन वाटतात. पहिला प्राण्यांचा. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण, आणि तिला बिलगून दूध शोधणारे पिलू. ते पिलू मागून घेतले, आणि त्यातून पुढे बिबटे, अस्वले, साप यांचे अनाथालय उभे राहिले. येथे ही गोष्ट सहज भाबडी झाली असती. पण शिकार करणारा भुकेने करतो, चैनीने नव्हे, हे लेखक विसरत नाही, आणि म्हणून पिलाची दया येताना माणसावर राग धरावयास तो वाचकास सवड देत नाही. दुसरा भाग मुलांचा. १९७६ साली तेथे शाळा निघाली आणि आमट्यांची स्वतःची मुले माडियांच्या मुलांबरोबर त्याच शाळेत बसली. मिशनऱ्यांच्या इतिहासात हा मुद्दा नेहमीच नाजूक होता. लिव्हिंग्स्टननेही १८५२ साली केपटाउनहून बायकोमुलांना विलायतेस पाठविले. परक्यांची मुले आपल्या शाळेत घालणे निराळे, आपली मुले त्यांच्या बाकावर बसविणे निराळे. शहरात राहून समतेवर बोलणाऱ्या आम्हा प्राध्यापकमंडळींपैकी किती जणांनी हे केले असते, हा हिशेब मी येथे काढीत नाही.

दोष कोठे? पहिला दोष हा की, मंदाताई यात सर्वत्र आहेत आणि तरीही त्या ऐकू येत नाहीत. 'समिधे'त जी बाजू आतून दिसली ती येथे पुन्हा बाहेरून दिसते. पती त्यांचे श्रेय मनापासून देतो, वारंवार देतो. परंतु दिलेले श्रेय आणि सांगितलेली गोष्ट यांत अंतर आहे. भूलशास्त्राच्या पदवीधर बाईने कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रियेला साथ करावी, पावसाळ्यात कोंडलेल्या वस्तीत मुले वाढवावीत, हे तिच्या डोळ्यांनी कसे दिसले, ते या ग्रंथात मिळत नाही. तो ग्रंथ पतीचा असल्यामुळे ते मिळावे ही अपेक्षाही पूर्णपणे न्याय्य नाही, हे मी मान्य करतो. पण आईने जे दार उघडले होते ते मुलाच्या ग्रंथात अर्धवट लोटलेले दिसते, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो या एका ग्रंथाचा नाही. माडिया माणूस येथे रोगी आहे, शिकारी आहे, विद्यार्थी आहे; तो बोलत नाही. लांबारेने येथे १९१३ साली पत्नीसह दवाखाना काढणाऱ्या अल्बर्ट श्वाइट्झरचा १९२१ सालचा ग्रंथ या बाबतीत बोलका आहे. आफ्रिकेचा मनुष्य आपला भाऊ खरा, पण आपण थोरले, असे तो तेथे उघड सांगून मोकळा होतो. आमट्यांच्या ग्रंथात असले थोरलेपण नाही. माडियांचा प्रामाणिकपणा, त्यांचे साहचर्य, त्यांची स्त्रियांशी वागण्याची रीत, यांच्याबद्दल त्यात आदरच आहे. परंतु आदरानेही मनुष्य मुका होऊ शकतो. निरागस, भोळा, निसर्गाचे लेकरू, ही विशेषणे एकदा लावली की त्या माणसाला चतुराई, विनोद, संशय, कुरबूर यांना जागा उरत नाही. आणि ज्याच्यापाशी कुरबूर नाही तो वाङ्मयात माणूस म्हणून उभा राहत नाही.

हेमलकशाच्याच परिवारातील विलास मनोहर यांनी ही उणीव ओळखली होती असे त्यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीवरून वाटते. जंगल खाते, पोलीस, व्यापारी आणि हातात बंदूक घेतलेले पाहुणे यांच्या कचाट्यात सापडलेला माडिया तरुण तेथे आतून दाखविला आहे. म्हणजे ज्या लोकांत वर्षानुवर्षे राहून सत्यकथा लिहिल्या गेल्या, त्या लोकांना बोलते करण्यासाठी कल्पितकथेचा आश्रय घ्यावा लागला. कादंबरीकाराला याचे श्रेय द्यावे. आत्मकथनकारांना मात्र हे थोडे बोचावयास हवे.

याच प्रदेशात आणखी एक वाट निघालेली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीस आले. राणीबाई चांद्याच्याच. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवरचा लेख आला. शंभरात ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यात दिसले आणि जगाचे लक्ष वेधले. आपणास येथे आकड्याहून महत्त्वाचे आहे ते त्यामागचे ऐकणे, कारण असली दुखणी बाई परक्यापाशी काढीत नाही. शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला तो आदिवासींना कसला दवाखाना हवा हे विचारून, आणि त्याला नाव दिले दंतेश्वरीचे. राणीबाईंच्या 'कानोसा' या पुस्तकाच्या नावातच हे ऐकणे आहे. आणि 'गोईण' या पुस्तकात तर डॉक्टरीण मागे सरून बसली आहे आणि गावच्या बाया झाडांविषयी बोलत आहेत. कोणते झाड कशाला उपयोगी, कोणते कोणाच्या नात्यातले, कोणत्या झाडाखाली काय करू नये. तेथे शिकणारी डॉक्टरीण आणि शिकविणाऱ्या त्या, असा उलटा वर्ग भरला आहे. वाङ्मय म्हणून ते पुस्तक विस्कळीत आहे, त्याची रचना टिपणवहीसारखी आहे. परंतु 'प्रकाशवाटा'मध्ये जी पोकळी जाणवते ती येथे जाणवत नाही.

'प्रकाशवाटा'मधीलच एक प्रसंग घ्यावा. आरंभी कोणी रोगी फिरकत नव्हता. मग फेफऱ्याने विस्तवात पडून भाजलेला एकजण आला, बरा झाला, आणि त्याच्या बरे होण्याची वार्ता रानभर पसरून दवाखाना भरू लागला. ग्रंथात हा विजयाचा क्षण आहे, आणि तो आहेही. परंतु त्याला या परक्यांच्या स्वाधीन करावयाचे की नाही, याबद्दल त्याच्या घरात आदल्या रात्री काय बोलणे झाले असेल? गावच्या पुजाऱ्याचे म्हणणे काय होते, म्हातारीचे काय होते, कोणी विरोध केला, कोणी धीर दिला? संशयाचा तो डोंगर ज्यांनी ओलांडला त्यांचेही धैर्य लहान नव्हते. दोन डॉक्टर रानात गेले ती वाट ग्रंथात नीट दिसते. तो भाजलेला मनुष्य झाडाखालच्या त्या दवाखान्यापर्यंत ज्या वाटेने आला, ती वाट त्यात अजून आलेली नाही.